मंडईचा ओटा किती उंच असावा

आमच्या ऑफिसात सध्या सोलापुरातल्या एका जुन्या मंडईच्या पुनर्बांधणीचं काम आलंय. लक्ष्मी मंडई, कस्तुरबा मंडई, मंगळवार बाजार, शिवाय पेठापेठांतल्या लहानसहान मंडया आहेतच. त्यांतली नेमकी कुठली ते लिहीत नाही. नकाशे अजून मंजुरीला जायचेत आणि मी त्याच ऑफिसातून पगार घेते. ज्याला ओळखायची तो ओळखेलच.

मी ड्राफ्ट्समन आहे. आमचे सर ट्रेसिंगवर जाड पेनानं जे काढतात ते मी कॉम्प्युटरवर मापासकट उतरवते. शाळा काढल्या, मंगल कार्यालयं काढली, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या शेड काढल्या. मंडई पहिल्यांदाच. पण मंडईतलं मला ऑफिसातल्या इतरांपेक्षा जरा जास्त कळतं, कारण माझी आई पालेभाजी विकायची. मेथी, शेपू, चुका, राजगिरा, हिवाळ्यात करडईची भाजी आणि हरभऱ्याचा पाला. माझ्या डिप्लोमाची फी त्याच पैशांतून भरली गेली.

पहिल्या आराखड्याची एक प्रिंट मी घरी नेली. आईनं चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ही बाई उभी का गं?"

चित्रात ओट्यामागे एक बाई एप्रन घालून उभी होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी तयार माणसं मिळतात, चित्र भरलेलं दिसावं म्हणून ती टाकायची. ओट्याच्या पुढ्यात एक गोरा माणूस जॉगिंगच्या कपड्यांत कुत्रं घेऊन चाललेला, पलीकडे एक जोडपं बाबागाडी ढकलतंय. सोलापूरच्या मंडईत, शेवग्याच्या शेंगांच्या ढिगाशेजारी, बाबागाडी! ही माणसं नुसती दाखवायला असतात, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग बसायचं कुठं ते दाखवा की."

नकाशात ओटा ९० सेंटिमीटर उंच धरला होता. स्वयंपाकघराच्या ओट्याचं साधारण हेच माप. उभ्यानं काम करणाऱ्या माणसासाठी ते बरोबरच आहे. पण पालेभाजीवाली बाई पहाटे येते ती रात्रीच जाते. ती उभी राहत नाही. घडी घातलेल्या पोत्यावर मांडी घालून बसते, माल पुढ्यात अर्धगोल मांडते आणि हात लांबवला की प्रत्येक जुडी हाताला लागेल एवढ्यातच तिचा सगळा धंदा असतो. पोत्याखाली पैसे. मागच्या बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला राखीव माल. ओट्याखालच्या पोकळीत डबा, पाण्याची बाटली, चपला आणि रात्री उरलेल्या जुड्या. आमच्या नव्या ओट्याला वर ग्रॅनाइट होतं आणि खालची पोकळी टाइल्स लावून बंद केलेली होती. कारण उंदीर.

उंदरांचं कारण काही खोटं नाही. जुना ओटा जेमतेम दीड फुटाचा आहे हेही खरं. एवढ्या खालच्या मालावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांची धूळ बसते, कुत्री तोंड घालतात आणि गुडघे दुखणाऱ्या गिऱ्हाइकाला वाकवत नाही. म्हणजे ओटा उंच करू पाहणाऱ्यांचं डोकं फिरलेलं नव्हतं. त्यांनी बसणारीला विचारलं नव्हतं, एवढंच.

मोजणीला आम्ही दुपारी जायचो. सकाळी तिथं टेप पसरायला जागा नसते. लेसरचं यंत्र लावलं की पोरं गोळा व्हायची. एक हमाल आमच्या ज्युनिअरला म्हणाला, "काय मोजूलालाय बे? उठवूलालेत का आम्हाला?" या प्रश्नाचं सरळ उत्तर ज्युनिअरकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

इमारत साधी आहे. काळ्या दगडाच्या भिंती, ओळीनं कमानी, वर सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, आणि त्यांवर मंगलोरी कौलं. उतरवलेल्या एका कौलाच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का निघाला. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला आणि मग रेल्वे जाईल तिथं ही कौलं पोचली. सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आलेली. कौलांवर नंतर कधीतरी पत्रे आले. पत्र्यांवर पत्रे, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. एके ठिकाणी कौलांच्या जागी निळसर प्लॅस्टिकचा पत्रा आहे. त्याखाली बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "इथं मेथी मेल्यावानी दिसती. गिऱ्हाइक हातात घेतंय, उजेडात नेऊन बघतंय, मग पैसे देतंय." हे मी वहीत लिहून घेतलं. मालाचा रंग खरा दिसणं हा छपराचा गुण आहे, हे आम्हाला कुठल्या सेमिस्टरला शिकवलं नव्हतं.

तुम्हाला मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट आठवत असेल. १८६९चं, विल्यम इमर्सनचं डिझाइन, दारावरच्या दगडी शिल्पपट्ट्या लॉकवुड किपलिंगच्या. आमच्या मंडईला तसलं काही नाही. मनोरा नाही, घड्याळ नाही, शिल्प तर नाहीच. बैठकीत एकानं विचारलंच, की यात जपण्यासारखं आहे काय? दर्शनी भिंत ठेवू, कमानींना प्रकाशझोत लावू, आत सगळं नवं करू. हल्ली ही पद्धतच झाली आहे. चेहरा जुना, पोट नवं. फोटो चांगले येतात.

माझं म्हणणं उलट आहे. या इमारतीचा चेहरा यथातथाच आहे, मोल तिच्या सेक्शनमध्ये आहे. सेक्शन म्हणजे इमारत वरपासून खालपर्यंत सुरीनं कापली तर जे दिसेल ते. आमचा सेक्शन काढून झाला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा बघत बसले. बाजूच्या भिंती ठेंगण्या, त्यामुळे ऊन तिरपं आत शिरत नाही. मधलं आढं खूप उंच. आढ्याजवळ कैच्यांवर दोन फुटांची उभी चौकट आहे आणि तिच्यावर वेगळं छोटं छप्पर. ही चौकट आज पत्र्यांनी पूर्ण झाकलेली आहे, पण लाकडातल्या खाचा सांगतात की तिथं तिरप्या फळ्या असाव्यात. गरम हवा वर जायची, फळ्यांमधून बाहेर पडायची, खालून कमानींतून नवी हवा आत यायची. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो. पंखा नसताना पालेभाजी दुपारपर्यंत टिकवायची तर याहून स्वस्त यंत्र नाही. आणि आमच्या पहिल्या आराखड्यात त्या जागी काय होतं? भरपूर उजेड यावा म्हणून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं छप्पर. पुण्यात कदाचित खपून जाईल. इथं अकरा वाजता त्याखाली माणूस शिजेल, कोथिंबिरीचं तर नावच काढू नका.

भिंतींचंही तसंच. मूळ बांधकाम चुन्याचं. मध्ये कुणीतरी दगडांच्या दरजा सिमेंटनं भरल्या. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही. मग ओल दगडातून आणि विटांतून वाट काढते, क्षार बाहेर येतात, कडा भुग्यासारख्या झडतात. जिथं सिमेंट नाही तिथल्या दरजा आजही ठीक आहेत आणि जिथं "दुरुस्ती" झाली तिथंच भिंत फुटली आहे. चुना मळायला वेळ लागतो, मुरू द्यावा लागतो, काम करणारे गवंडी कमी राहिलेत, हे सगळं खरं. पण आपल्याकडे जुन्या दगडी कामाची मोडतोड पाण्यानं जेवढी केली नसेल तेवढी सिमेंटच्या गोणीनं केली आहे, असं माझं मत झालंय.

ओट्याचं कोडं मात्र सुटत नव्हतं. दीड फूट फार खाली, तीन फूट फार वर. दरम्यान एका लग्नासाठी पुण्याला जायचं होतं. लग्न उरकून मी महात्मा फुले मंडईत गेले. पूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या मैदानात विकली जायची. नगरपालिकेनं १८८५-८६ मध्ये ही मंडई बांधली आणि गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव तिला दिलं. मधे अष्टकोनी उंच भाग, त्यातून फुटलेल्या बाजूच्या लांब पाखी, वर कौलं. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. जोतीरावांना काय वाटलं असतं कोण जाणे. मी मात्र त्यांच्या विरोधाकडे दुसऱ्या बाजूनंही बघते. इतका पैसा घालताय तर तो कुणाच्या उपयोगाला येतोय हे विचारणारा एक तरी सभासद प्रत्येक मंडईच्या बैठकीत असावा.

तर पुण्यात ओटे उंच आहेत. पण विक्रेता ओट्याच्या मागे उभा नसतो, ओट्यावर बसतो. मालाच्या मधोमध. म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या हाताशी येतो आणि बसणाऱ्याची व उभ्या गिऱ्हाइकाची नजर साधारण एका पातळीवर राहते. भाव करताना कुणी कुणाकडे मान वर करून बघत नाही. मी पर्समधला टेप काढला तेव्हा एक काका म्हणाले, "पालिकेच्या का?" मी म्हटलं, नाही, सोलापूरची. त्यावर त्यांनी डाळिंबाचा भाव विचारला.

परत आल्यावर मी ओटा साठ सेंटिमीटरचा काढला. आतल्या बाजूनं तीस सेंटिमीटरची एक पायरी, म्हणजे आईच्या वयाच्या बाईला कुणाचा हात न धरता वर चढता येईल. पुढून मागपर्यंत ओटा पावणेदोन मीटर, मागचा भाग राखीव मालाला. खालची पोकळी उघडी, पण तिला बारीक जाळीचं कुलूपबंद दार. वर ग्रॅनाइटऐवजी शहाबादी फरशी. शहाबाद इथून वाडीच्या रेल्वेमार्गावर आहे, फरशी स्वस्त पडते, न घासलेली वापरली तर पाणी पडूनही पाय सरकत नाही. ग्रॅनाइटवर ओली मेथी ठेवून बघा, जुडी आपोआप गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाईल.

सरांनी नकाशा बघितला, "हे कुणी सांगितलं?" म्हणाले. मी म्हटलं, आईनं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः मंडईत जाऊन एका रिकाम्या ओट्यावर मांडी घालून बसले. सर पंचावन्नचे, पोट सुटलेले, पण बसले. त्यानंतर ओट्याच्या उंचीवर आमच्याकडे वाद झाला नाही.

वाद पाण्यावर झाला. जुन्या मंडईत मध्यभागी दगडी हौद आहे. आराखड्यात तिथं बसायची गोल जागा आणि मधे शोभेचं कारंजं आलं होतं. कारंजं! सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, उजनी धरण भरलेलं असो की रिकामं. पालेभाजीला दिवसभर शिंपडायला लागतं, संध्याकाळी फरशी धुवायला लागते, बायकांना हातपाय धुवायला लागतं. साठवण नसेल तर मंडई चालत नाही. हौद राहिला, खाली टाकी वाढवली. कारंजाची हौस कुणाला असेल त्यानं घरी भागवावी.

गटाराचंही सांगते, जरा किळसवाणं असलं तरी. नकाशात फरशीखालून चार इंची पाइप होता. भाजीचा कचरा म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या, मेथीची मुळं, फ्लॉवरचा पाला आणि सुतळी. सुतळीत काड्या अडकल्या की घट्ट बोळा होतो आणि पाइप जिथं वळतो तिथं बसतो. मंडई झाडणाऱ्या मामांनी सांगितलं, उथळ, रुंद, उघडं गटार ठेवा, वर उचलता येणारी जाळी टाका, आम्ही झाडूनं काढतो. जाळी एका माणसाला उचलता यावी. एवढंच त्यांचं मागणं होतं.

मजल्याचा विषय अजून डोक्यावर आहे. जागा मोलाची, म्हणून तळमजल्यावर दुकानाचे गाळे आणि पहिल्या मजल्यावर भाजी, अशी एक सूचना फिरतेय. गाळ्यांतून भाडं जास्त येतं, हे हिशेबानं बरोबर. पण भाजी जिना चढत नाही. पाटी डोक्यावर घेतलेला हमाल चढेल, गिऱ्हाइक चढणार नाही. ते खाली रस्त्यावर बसलेल्या कुणाकडून घेईल आणि घरी जाईल. मग वरचे विक्रेते एकेक करून खाली रस्त्यावर येतील, मग त्यांना अतिक्रमण म्हणायचं आणि गाडी आणायची. वरच्या मजल्यावर गोदाम करा, विक्रेत्या बायकांना विश्रांतीची खोली करा, अभ्यासिका करा. भाजी जमिनीवर ठेवा.

आणि रस्त्यावर बसणाऱ्यांचं काय? आमच्या मोजणीत ओटे मोजले गेले, गाळे मोजले गेले. मंडईच्या भिंतीला पाठ लावून बाहेर बसणाऱ्या बायका मोजल्या गेल्या नाहीत, कारण त्यांच्या खाली मोजायला काही नव्हतं, फक्त पोतं. या देगाव, मुळेगाव, कुंभारी, बोरामणीकडून स्वतःच्या किंवा शेजारच्या रानातला माल घेऊन येतात. भोगीच्या आदल्या दिवशी खरी मंडई त्यांच्याकडेच असते. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर, घराघरांत भोगीची भाजी लागते, आणि ओल्या हरभऱ्याचे ढाळे रस्त्यावरच संपतात. कानडीत भाव विचारला जातो, तेलुगूत घासाघीस होते, पैसे मराठीत मोजले जातात, सुट्ट्यांवरून भांडण हिंदीत. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात अशी तरतूद आहे की पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार ठरवावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. दगडाच्या भिंतीला वारसा म्हणायला सगळे तयार असतात, भिंतीबाहेरच्या पोत्याला म्हणायची सवय अजून कुणाला लागलेली नाही. मी नकाशात पूर्वेच्या बाजूला छपराचा पुढचा भाग अडीच मीटर बाहेर काढलाय. त्याखाली ओटा नाही, फक्त सावली आणि उतार. नकाशात त्या जागेवर काय लिहायचं ते ठरलं नव्हतं. सरांनी "प्रवेश मार्ग" लिहायला सांगितलं, म्हणजे कुणी खोडणार नाही.

शेवटचा प्रश्न, काम चालू असताना सगळे जाणार कुठं? बार्सिलोनातल्या सांत आंतोनी मंडईचं उदाहरण सरांनीच काढलं. १८८२ची लोखंडी मंडई, २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षं दुरुस्ती चालली. पण सगळा बाजार शेजारच्याच रस्त्यावर तात्पुरत्या मांडवात भरत राहिला, गिऱ्हाइकाची वाट तीच राहिली. आपल्याकडे तात्पुरती जागा म्हणून शहराबाहेरचं मैदान दाखवतात. पालेभाजीचं गिऱ्हाइक आठवडाभर गैरहजर राहिलं की ते दुसरीकडे लागतं, परत येत नाही. म्हणून आम्ही इमारतीचे तीन भाग पाडलेत. एक भाग खोलायचा, दोन चालू ठेवायचे. ठेकेदाराला ते महाग पडणार आणि तो कुरकुर करणार, हे गृहीत आहे.

आत्ता गाडी छपरावर अडली आहे. आढ्यावरची ती चौकट मूळची उघडी होती, हे सिद्ध झालं तर ती तशीच परत करता येईल आणि कौलं वाचतील. नाहीतर पत्रा येणार. खाचांचे फोटो आम्ही जोडलेत, पण तपासणाऱ्यांना जुनं छायाचित्र हवंय. पालिकेच्या दप्तरात मिळालं नाही. तेव्हा सोलापूरकरांनो, घरातले जुने अल्बम काढा. मंडईवरून गेलेली वरात असेल, नंदीध्वजाची मिरवणूक असेल, गणपती असेल, एखाद्या काकांनी नवी लुना घेतल्यावर मंडईपुढे काढलेला फोटो असेल. पत्रे पडायच्या आधीचा हवा. मला फक्त मागचं छप्पर बघायचंय, आढ्यापर्यंत. नवरदेव अर्धा कापला गेला असला तरी चालेल.